शेऱ्याच्या रकान्यात

बडोद्यात कांस म्हणतात तिला.
ओढा म्हटलं तर रुसेल, नदी म्हटलं तर लाजेल,
अशी मधलीच.
चैत्रात तिच्यात पडलेला क्रिकेटचा चेंडू कोरडा परत येतो.
श्रावणात ती सोसायटीच्या मीटरखोलीपर्यंत चढते
आणि उतरताना विश्वामित्रीतला एखादा पाहुणा
मागे विसरून जाते.

तिच्यावर पूल होत होता तेव्हा
काठावरच्या पत्र्याच्या खोलीत मी ठोकळे फोडायचे.
लग्नाच्या माहितीपत्रात भावाने लिहिलं होतं
'क्वालिटी विभागात'.

मिक्सरची गाडी आली की तिच्या पन्हाळीखालून
पहिली दोन घमेली माझी.
लोखंडी साचा, आतून तेलाचा हात,
तीन थर, दर थराला पस्तीस ठोके.
दुसऱ्या दिवशी साचा उघडून
ओल्या राखाडी गालावर लाल रंगाने तारीख, खांबाचा नंबर,
आणि मग टाकीत,
अठ्ठावीस दिवस पाण्याखाली.
नवसिंग राठवा म्हणायचा,
बेन, आमच्याकडे बाळंतिणीलासुद्धा
इतकं न्हाऊ घालत नाहीत.

अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्र.
काटा चढतो. सातशे. आठशे.
मी श्वास धरते; सवय आहे, उपयोग नाही.
नऊशेच्या पुढे कुठेतरी कट्
आणि कडा ढासळून उरतो एक डमरू,
कमरेत बारीक, चारी बाजूंनी सारखा.
असा फुटला की खांब पक्का.
त्याच गाडीतला, त्याच घाण्यातला माल,
पण हा पुलात कधी जात नाही.

तिसऱ्या खांबाचे ठोकळे काढायला गेले त्या सकाळी
टाकीत कोणीतरी होतं.
हातभर लांब, हिरवट,
माझ्या तीन ठोकळ्यांवर पोट टेकून
डोळे तेवढे वर.
रात्री कांस चढली होती, टाकीच्या कडेला लागली होती.
मी ओरडले नाही, असं मी सांगते.
नवसिंग वेगळं सांगतो.

केयूर नावाचा मुलगा आला, ओलं पोतं घेऊन,
दुपारी नाही, दुसऱ्या दिवशी;
शहरभर त्या आठवड्यात मगरीच मगरी,
कुणाच्या गॅरेजमध्ये, कुणाच्या तुळशीमागे.
तोवर टाकीत हात घालायची कोणाची छाती नाही.
त्याने पोतं टाकलं, पिल्लाच्या जबड्याला
निळी चिकटपट्टी लावली
आणि विचारलं, चहा मिळेल?

एकोणतिसावा दिवस उजाडला होता.
चावडासाहेब रजिस्टरवर बोट ठेवून म्हणाले,
'अठ्ठावीस लखी नाखो, चालशे.'
चाललं असतं.
एका दिवसाने काँक्रीट थोडंच बदलतं,
आणि बदललं तर बरंच होतं.
पण मी एकोणतीसच लिहिले,
आणि शेऱ्याच्या रकान्यात, जागा अपुरी म्हणून,
फक्त: मगर.

वरच्या ऑफिसातून तीन पत्रं आली.
तिसऱ्यात विचारलं होतं, हे कोणत्या कंपनीचं केमिकल?

आता पूल वाहता आहे.
रिक्षा जातात, उंट घेऊन रबारी जातात,
पूर्वी तीन किलोमीटरचा वळसा घालणारी शाळेची व्हॅन जाते.
माझी स्कूटर सांध्यावरून धडधडते
तेव्हा मी अजून मनात म्हणते, तिसरा,
आणि आपोआप खाली बघते.

फुटलेले डमरू आम्ही काठावर ओतले होते,
शेकड्यांनी, फेकायला दुसरी जागा नव्हती.
मार्गशीर्षात त्यांवर ऊन लवकर पोचतं.
परवा एक लांबलचक कोणीतरी
त्यांच्यावर पसरलं होतं, तोंड उघडं ठेवून,
आणि माझी लाल तारीख
त्याच्या शेपटीजवळ अजून वाचता येत होती,
निदान महिना तरी.